पणजोबांची मार्टिनी-हेन्री: गंज काढायचा, पण किती?

मंगळवारपेठकर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पणजोबांपासून चालत आलेली मार्टिनी-हेन्री ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल आहे. परवाना वडिलांच्या नावावर आहे आणि नूतनीकरण वेळेवर होतं. उजव्या बाजूला मुकुट, खाली व्ही.आर. (व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं), एनफिल्ड हे कारखान्याचं नाव, १८८२ आणि तीन उभ्या रेघा आहेत. नळीवर गडद तपकिरी थर आहे. लिव्हरच्या सांध्यात मात्र लाल गंज धरलाय, बोट लावलं की बोटाला येतो. लाकडी दस्त्यावर कुणीतरी कधीकाळी चकचकीत वार्निश मारलंय, ते आता खवले धरून निघतंय.

थोरले काका म्हणतात, इथे कोल्हापुरातच उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे नेऊन बफिंग करून घेऊ, नव्यासारखी दिसेल. मला ते पटत नाही, पण त्यांना काय सांगू तेही कळत नाही. ती सोप्यातल्या काचेच्या कपाटात ठेवायचा विचार आहे. दसऱ्याच्या आत काय काय करता येईल?

करवीर_१९:
उद्यमनगरात अजिबात नेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. लेथवाल्याकडे तो नसणार, आणि अडचणीत तुम्ही दोघंही याल. काही उघडायचंच असेल तर परवानाधारक बंदूक दुकानदाराकडेच द्या.

‘जुनी आहे, तिला कशाला परवाना’ असं सांगणारेही भेटतील. कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनसुद्धा उडू न शकणाऱ्या हत्यारांना आहे. तुमची लिव्हर चालत असेल, तर ती त्यात बसणं कठीण. वडिलांचा परवाना जपा.

जुना_दस्ता:
ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. मी शनिवार पेठेत राहतो, जुन्या लष्करी रायफलींची देखभाल हाच माझा ध्यास. काकांना एवढंच सांगा: बफिंगचं चाक आधी अक्षरांच्या कडा खातं. तो मुकुट, ते १८८२, दस्त्यावरचे बारीक शिक्के हीच त्या रायफलीची जन्मपत्रिका आहे. एकदा घासली गेली की कुठलाच कारागीर ती परत आणू शकत नाही. सरहद्दीपलीकडे हाताने बनवलेल्या नकलांवर एनफिल्डची इंग्रजी अक्षरं उलटी कोरलेली सापडतात, नाहीतर व्हिक्टोरिया राणी १९०१ ला वारल्यानंतरचं साल व्ही.आर.खाली दिसतं. तुमच्या खुणा जुळतात. तीन रेघा म्हणजे मार्क तीन, या रायफलीची तिसरी आवृत्ती.

हात लावण्याआधी लिव्हर खाली ओढा, नळीचं मागचं तोंड बंद करणारा ब्लॉक झुकेल, आत बोट घालून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे ना ते बघा. प्रत्येक वेळी बघा. रिकामा चाप ओढत बसू नका, आतली स्प्रिंग जुनी आहे.

आता गंज. तपकिरी, घट्ट बसलेला थर राहू द्या, तो लोखंडाला राखतो. बोटाला येणारा लाल गंज तेवढा काढायचा. त्यावर पातळ मशीन ऑइल लावून रात्रभर ठेवा, मग चार शून्यांची सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर नको, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश तर नकोच.

नळीच्या आतली गोष्ट वेगळी. ही काळ्या दारूची रायफल, आणि त्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. नुसत्या तेलाने ती निघत नाही, पाण्यानेच विरघळते. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं फिरवा, लगेच कोरडं करा, मगच तेल. दस्त्याच्या सांध्यात पाणी जाऊ देऊ नका.

वार्निश लाखेचं असलं तर स्पिरिटने सुटेल. आधी दस्त्याच्या टोकाच्या पट्टीजवळ, सहज दिसणार नाही अशा जागी कापसाने करून बघा. खालचं लाकूड उघडं झालं की जवसाच्या कच्च्या तेलाचे चार थेंब तळव्याने चोळा. सैन्यात या दस्त्यांना तेच लावत. दोन दिवस वाळू द्या, हवं तर पुन्हा चोळा. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

कपाटाबद्दल. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. ओल येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, खिडकीच्या उन्हातही नको. आत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि ते रंग बदललं की पुन्हा तापवून घ्या. रायफल साधारण सव्वा मीटर लांब आणि चार किलोच्या आतबाहेर भरते, तेव्हा दोन ठिकाणी रुंद आधार द्या, सगळं वजन नळीवर येऊ देऊ नका. चामड्याच्या म्यानात तर कधीच बंद करू नका, चामडं ओल धरून ठेवतं. काचेला कुलूप हवंच. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये काकांना एकदा घेऊन जा आणि जुन्या धातूचा रंग कसा असतो ते दाखवा.

मंगळवारपेठकर:
फार आभार. काकांना हे सगळं वाचून दाखवलं, बफिंगचा विषय मिटला. आता आजी विचारते, खंडेनवमीला हळदीकुंकू वाहायचं की नाही? दर वर्षी थेट नळीवर लावतो, झेंडूची ओली फुलंही ठेवतो.

जुना_दस्ता:
आजींना नमस्कार सांगा, पूजा चुकवू नका. आदल्या दिवशी लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात फिरवा. लिव्हरजवळचा गंज मला वाटतं दर वर्षीच्या पाणी शिंपडण्याचाच आहे. हळदीकुंकू शेजारच्या नारळाला लावा, नाहीतर रायफलीवर स्वच्छ सुती कापड घालून त्यावर वाहा. फुलं कोरडी करून त्याच कापडावर ठेवा. दुपारी आरती झाली की लगेच सगळं उचला, मऊ फडक्याने पुसा आणि पुन्हा मेण लावा. सीमोल्लंघनाला दसरा चौकात जाण्याआधी ती कपाटात गेलेली असावी.

दस्ता उजळला की उजव्या बाजूचा फोटो इथे टाका. क्रमांक झाकून.