मोबाइलवरून लेकरांच्या मागं लागणारे : कायदा कमी पडायलाय का ठाणं?

गोदाकाठचा मास्तर
गावाचं नाव घेत नाही, आमच्याच भागातलं आहे. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, सातवीतली पोरगी आजीपाशी, आणि आईबापाशी बोलता यावं म्हणून घेऊन दिलेला मोबाइल. गेममधे एक 'दादा' भेटला, त्यानं आधी गेममधले डायमंड पाठवले, मग इन्स्टावर ये म्हणाला, मग रात्रीचं बोलणं, मग एक फोटो, आणि फोटो हातात आला की दुसऱ्या दिवशीपासून धमक्या. आजी बिचारी शेजारीच झोपलेली, तिला वाटायचं लेकरू मायशी बोलायलंय. मामा ठाण्यात गेला तर पहिलं वाक्य काय, तर "एवढ्या पोरीला फोन दिलाच कशाला?" तक्रार दुसऱ्या दिवशी घेतली, तीही एक ओळखीचे वकील सोबत गेले म्हणून. माझं म्हणणं सरळ आहे, नवे कडक कायदे मागण्यात काही अर्थ नाही, आहेत तेच तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोचलेले नाहीत.

लातूरकर ७७
सर पटलं नाही. पोक्सोत, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, मेसेज करून लेकराच्या मागं लागणाऱ्याला किती शिक्षा, तर जास्तीत जास्त ३ वर्षं. तीन वर्षात कोणाला धाक बसतो का? आमच्याकडं क्लासेससाठी अख्ख्या मराठवाड्यातली लेकरं येऊन राहतात, हॉस्टेलवर, रूमवर, आईबाप दूर, असल्या लोकांना तर कुरणच आहे हे. दहा वर्षं आत टाका, जामीन बंद करा, मग बघा.

ॲडव्होकेट ताई, नांदेड
लातूरकर, ३ वर्षं म्हणताय ते पोक्सोचं कलम ११ आणि १२, लैंगिक हेतूनं पाठलाग, संपर्क, धमकी वगैरे. पण ते एकटं लावायचं नसतं ना. आयटी कायद्याचं ६७ ब वाचा. लेकराला फूस लावून अश्लील कामासाठी ऑनलाइन नातं जोडणं हाच त्यात गुन्हा आहे, प्रत्यक्ष भेट झाली पाहिजे असं काही नाही, पहिल्यांदाच ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. आणि अश्लील फोटोसाठी लेकराचा वापर केला तर पोक्सोचं कलम १४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ५ वर्षं. इंग्लंडमधे आधी २००३ च्या कायद्यात भेटीपर्यंत प्रकरण जावं लागायचं, नुसत्या अश्लील मेसेजसाठी वेगळा गुन्हा २०१७ ला लागू झाला. आपल्याकडं ६७ ब २००९ पासून आहे! फक्त एफआयआर लिहिणाऱ्याला ते आठवत नाही, तो आपला विनयभंगाचं कलम टाकून मोकळा.

गोदाकाठचा मास्तर
हेच तर म्हणायलोय ताई.

ॲडव्होकेट ताई, नांदेड
अजून एक गोची ऐका सर. आयटी कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही, कलम ७८. लहान ठाण्यात पीआय एकच, तोच बंदोबस्तात, तोच मोर्चात, तोच मंत्र्याच्या दौऱ्यात. मग जमादार म्हणतो आयटीचं कलम नकोच लावू. शिक्षा दहा वर्षं करा नाहीतर वीस, हा माणूस कुठून आणणार?

बिनधास्त बीडकर
सगळे एकाच बाजूनं बोलायलेत म्हणून लिहितो, शिव्या द्यायच्या तर द्या. पोक्सोत १८ च्या आतलं सगळं 'बालक'. एकोणीस वर्षांचा पोरगा आणि सतरा वर्षांची पोरगी, दोघं एका कॉलेजचे, एकमेकांना फोटो पाठवले, पोरीच्या बापाला जात पटली नाही की त्यानं केला पोक्सो. पोराचं आयुष्य गेलं. वरून आरोपीचा तसा हेतू होता हे कोर्ट आधीच धरून चालतं, नव्हता हे आरोपीनं सिद्ध करायचं. तुम्ही कायदा जितका कडक कराल तितका तो असल्या पोरांवरच चालणार, कारण ते सापडतात, खोट्या प्रोफाइलवाला चाळिशीतला माणूस सापडत नाही.

रेखा, परभणी
दादा तुमच्या प्रेमप्रकरणांचा धागा वेगळा काढा ना. इथं सातवीतल्या लेकराचं चाललंय आणि तुम्हाला एकोणीस वर्षांच्या पोराची पडलीय.

बिनधास्त बीडकर
वेगळा कसा, कायदा एकच आहे ना?

ॲडव्होकेट ताई, नांदेड
बीडकरांचा मुद्दा खोडता येत नाही रेखाताई, असल्या केसेस मी लढवल्यात. विधी आयोगानं २०२३ मधे संमतीचं वय १८ च ठेवा म्हणून सांगितलं, पण १६ ते १८ मधल्या संमतीच्या प्रकरणात शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला मोकळीक द्या असंही सुचवलं. मला तेवढं पटतं. पण "चाळिशीतला सापडत नाही" याला कायदा काय करणार हो, अकाउंटची माहिती कंपनीकडून वेळेत मागवली नाही तर कोणीच सापडणार नाही.

लातूरकर ७७
मग सोळाच्या आत सोशल मीडियाच बंद करा. ऑस्ट्रेलियानं २०२४ ला कायदा केला, डिसेंबर २०२५ पासून लागू पण केला.

कोयता ते कॉलेज
मी ऊसतोड कामगाराचाच पोरगा आहे. दिवाळीच्या आसपास टोळी गेली की मायचा आवाज फोनवरच, व्हिडिओ कॉलवर माय कोपीच्या दारात भाकरी थापताना दिसायची, तेवढ्यावर सहा महिने काढायचे. आणि फोन आजीच्या नावावर, सिम काकाच्या नावावर, अकाउंट चुलतभावाचं, तिथं वय कोण तपासणार? बंदी लातूरच्या फ्लॅटमधे चालत असेल, आमच्या वस्तीवर नाही.

रेखा, परभणी
हे खरंय. पण मग आपण करायचं काय ते तरी सांगा कोणी, नुसती कलमंच चाललीत.

ॲडव्होकेट ताई, नांदेड
चॅट डिलीट करू नका आणि त्या माणसाला ब्लॉक करायच्या आधी प्रोफाइलची लिंक, युजरनेम, तारीख वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, फोन फॉरमॅट तर अजिबात मारू नका. १०९८ ला, म्हणजे चाइल्ड हेल्पलाइनला, फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, तिथं महिला आणि मुलांचा वेगळा विभाग आहे. ठाण्यानं हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर म्हणा, ती कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. लेकराचा जबाब घरी येऊन घ्यायचा, शक्यतो महिला पीएसआयनं, वर्दी न घालता, हे पोक्सोच्या कलम २४ मधे आहे, मागून घ्या. आणि सर, तुमच्या शाळेत कोणाला कळलं असेल आणि गप्प बसले असतील तर तोही गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद.

गोदाकाठचा मास्तर
ताई शाळेचं सोडा, इथं गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सावध राहा' म्हणून त्या पोरीच्या फोटोचेच स्क्रीनशॉट फिरवलेत. टाकणारे गावातलेच मोठे लोक.

ॲडव्होकेट ताई, नांदेड
मग त्यांच्यावरही ६७ ब लागतं, हेतू चांगला होता म्हणून सुटका नाही. पोरीची ओळख फुटली ते वेगळंच. ॲडमिनला आजच लेखी सांगा, ग्रुपचे स्क्रीनशॉट मात्र तुम्ही कोणाला पुढं पाठवू नका, फोनच ठाण्यात घेऊन जा.

लातूरकर ७७
म्हणजे आता पहिली अटक गावातल्याच माणसाला, आणि तो 'दादा' अजून ऑनलाइन?