अवघडल्यासारखं होतंय म्हणजे शिकतोय, असं माझं मत आहे. पटत नसेल तर बोला

बुडबुडे_४३
वय ४३, जानेवारीत पोहायच्या क्लासला नाव घातलं. लहानपणी काकांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेलं, नाकातोंडात पाणी गेलं आणि तेव्हापासून पाणी गुडघ्यावर आलं की माझे हातपाय गार. क्लासमधे पहिले १५ दिवस नुसते कठड्याला धरून पाय मारले, शेजारी सहा-सात वर्षांची पोरं सूर मारतायत आणि मी टकल्या बुडबुडे काढतोय. आता २५ मीटर जातो, दम लागतो पण जातो. तर माझं म्हणणं, लाज वाटतीये, पोटात गोळा येतोय, तर पळू नका, तीच खूण आहे. माझ्या एकट्याचं नाही हे, शिकागोच्या सेकंड सिटी या विनोदी नाट्यसंस्थेत इम्प्रोव्ह, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी सुचेल तसा अभिनय, शिकणाऱ्यांवर प्रयोग झालाय, वूली आणि फिशबाख या संशोधकांचा, २०२२ ला छापून आला. एकाने मधे येऊन वाट्टेल ते करायचं, बाकीचे पुतळे. ज्यांना आधीच सांगितलं की तुम्हाला अवघडल्यासारखं झालंच पाहिजे, ते जास्त वेळ मधे टिकले आणि जास्त वेडेपणा करून पाहिला.

मु_पो_लातूर
दादा, पोहण्याचं अभिनंदन, पण शिकागोवाले स्वतः हौसेने क्लासला आलेले ना? आम्ही २०१६ ला घागरी घेऊन रांगेत उभे होतो, मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं तेव्हाची गोष्ट. त्यात माझी काही वाढ झाली नाही, शाळा बुडली तेवढी. त्रासाचं कौतुक त्यालाच परवडतं ज्याला संध्याकाळी घरी जाऊन गरम पाण्याने आंघोळ करता येते.

नोटीस_पिरियड
+१. आमच्या मॅनेजरचा आवडता शब्द कम्फर्ट झोन. दोन माणसं सोडून गेली, त्यांचं काम माझ्या गळ्यात आणि वर म्हणे बघ ही ग्रोथची संधी आहे. आठ महिने केलं, अ‍ॅसिडिटी वाढली, पगार आहे तिथंच.

घाटातला
तुम्ही दोघं विषय दुसरीकडेच नेताय. तो पिळवणुकीबद्दल बोलतच नाहीये. मी साताऱ्यात हिल मॅरेथॉन पळतो, यवतेश्वरचा घाट चढताना दरवेळी वाटतं कुणी सांगितलं होतं, पण सपाटीवरच पळत राहिलो असतो तर चढ कधी जमला असता का? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, उगाच नाही म्हणत.

मु_पो_लातूर
घाव सगळ्याच दगडांना बसतात भाऊ, खडी पण तशीच बनते.

घाटातला
😂 हे चोरणार. पण एक सांगतो, आम्ही पण रोज घाट नाही चढत, कठीण दिवसानंतर सुट्टी लागतेच. स्नायू आरामातच सावरतो, नुसतं रेटत राहिलं की गुडघा जातो, माझा एक सीझन असाच गेलाय.

उंदीरमामा
यावर जुना प्रयोग आहे, १९०८ चा, यर्क्स आणि डॉडसन. उंदरांना पांढरा डबा कुठला काळा कुठला हे शिकवायचं, काळ्यात गेला की विजेचा झटका. फरक सोपा असेल तर झटका वाढवला की लवकर शिकायचे. फरक बारीक केला, म्हणजे काम अवघड केलं, तेव्हा मात्र मध्यम झटकाच बरा पडला, जोराच्या झटक्याने उलट शिकणं लांबलं. उंदराची गोष्ट माणसाला किती लावायची हा वाद आहेच, पण आपल्याकडे अवघड कामालाच सगळ्यात मोठा झटका देतात.

कोपऱ्यातली_खुर्ची
अहो बुडबुडे, उत्तर तुमच्याच पोस्टमधे आहे. काकांनी ढकललं तेही अवघडच होतं, क्लासही अवघडच होता. मग एकातून ३०-३५ वर्षांची भीती आणि दुसऱ्यातून २५ मीटर, असं का? कठडा होता म्हणून ना? आणि हात केव्हा सोडायचा ते तुम्ही ठरवलंत म्हणून.

बुडबुडे_४३
ताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं, मान्य. लातूरवाल्या मित्रा, तुझंही मान्य, न मागता आलेल्या त्रासाला मी शिक्षण म्हणणार नाही. पण दुसरी बाजू सोडत नाही हां. कठडा धरून मी जन्मभर पण उभा राहिलो असतो, छान गार वाटतं तिथं. आमच्या घरात एक कॉलेजकुमार आहे, साधा गॅसवाल्याला फोन करायचा तर म्हणतो मला अनकम्फर्टेबल होतं. त्याला काय म्हणू, बस बाबा?

कोपऱ्यातली_खुर्ची
पहिला फोन शेजारी बसून करून घ्या. दुसऱ्याला खोलीतून बाहेर जा.

नोटीस_पिरियड
आणि ग्रोथ हा शब्द वापरू नका, प्लीज.

बुडबुडे_४३
बरं. उद्या सरांनी आठ फुटी बाजूला बोलावलंय. आत्तापासून पोटात गोळा.

मु_पो_लातूर
काकांना पाठवू का?