मदत हवी आहे: म्यानमारमधल्या हॉटेलच्या जागेचा मालक कसा शोधायचा?

विपश्यना साधकांच्या गटाला यांगोनचा श्वेडगॉन पॅगोडा आणि टिळक १९०८ ते १९१४ जिथे कैदेत होते ते मंडाले बघायचंय. पण २०२१ च्या लष्करी उठावानंतरच्या राजवटीला आपला पैसा मिळू नये, ही मनापासून इच्छा. व्हिसा फी टळत नाही. सरकारी विमान कंपनी आणि लष्कराची भागीदारी असलेलं मायटेलचं सिम बाद केलंय. अडलंय हॉटेलपाशी. नाव खासगी असलं तरी जमीन लष्कराच्या एमईएचएल किंवा एमईसी या उद्योगसमूहांकडून भाड्याने घेतलेली असू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या अहवालातली कंपन्यांची यादी ताडून पाहिली. नंतरचे बदल तिच्यात नाहीत. बर्मी वाचता येत नाही. घरगुती गेस्टहाऊसही चालेल, पण परदेशी पाहुणे ठेवायचा परवाना हवा. बुकिंगआधी मालकाला नेमकं काय विचारावं, कुठला कागद मागावा, आणि या विचारण्यानेच तो अडचणीत येईल का?