फॅमिली ग्रुप: ल्युपिनच्या फुलझाडाची पानं पिवळी

वहिनी: (फोटो) मावशी, हे बघा ना. ल्युपिनची पानं पिवळी पडायला लागलीत. आत्ता कुठे तुरा वर येत होता. काय घालू?

दादा: चमचाभर युरिया मार. हिरवंगार होईल.

मावशी: युरियाला हात लावू नकोस गं. ल्युपिन शेंगवर्गातलं आहे, वाटाण्याच्या भाऊबंदांपैकी. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. वरून आणखी नत्र दिलास तर पाला माजेल आणि तुरा राहील बाजूला.

मावशी: आधी सांग, पिवळी झालेली पानं खालची की शेंड्याची? आणि शिरा कशा आहेत?

वहिनी: शेंड्याची, कोवळी. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. जाळी काढल्यासारखं दिसतंय.

मावशी: मग लोह कमी पडतंय. कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे का बघ.

वहिनी: आहे की! नखाने खरवडलं तर पूड निघतेय.

मावशी: ते पाण्यातले क्षार. जड पाणी घालत राहिलं की मातीचा सामू (pH) चढतो आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. ल्युपिनला किंचित आम्लधर्मी ते उदासीन माती मानवते, सामू साधारण ६ ते ७. चिलेटेड लोह आण, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं. पावसाचं पाणी साठवलं असेल तर तेच घाल.

दादा: त्यापेक्षा मोठ्या कुंडीत नव्या मातीत हलवू ना. एकदाच काय ते.

मावशी: अरे, नको. त्याला सोटमूळ असतं, खोल जाणारं. ऐन तुऱ्याच्या वेळी ते दुखावलं की झाड मान टाकतं. पुढच्या वेळी बी सरळ खोल कुंडीतच लावा. कवच टणक असतं, म्हणून रात्रभर भिजत घालायचं. सकाळी जे फुगलेलं नसेल ते एका बाजूने पॉलिश पेपरवर हलकंच घासायचं.

छोटी: माझं तर पार झोपलंय 😭 खालची पानं पिवळी, बुडाशी दांडा मऊ.

मावशी: माती ओली आहे का?

छोटी: चिखल.

मावशी: बूड कुजलंय मग. ते काही वाचत नाही आता. उपटून बघ, मुळं तपकिरी असतील आणि साल बोटाने सुटेल. ती माती पुन्हा ल्युपिनला वापरू नकोस. पुढच्या वेळी निचऱ्याची माती, आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नाही.

वहिनी: मावशी, तुऱ्याच्या दांड्यावर मावापण आहे. करडा-हिरवा, चांगला जाडजूड.

मामा: तो ल्युपिनचा खास मावा असणार. मूळ उत्तर अमेरिकेतला. ब्रिटनमध्ये १९८१ मध्ये पहिल्यांदा दिसला आणि मग तिकडच्या बागांमध्ये...

मावशी: अरे, तिला आधी मावा काढू दे. पाण्याची धार मारून पाड, उरलेला बोटांनी पुसून घे. तरी राहिला तर साबणाचं पातळ पाणी, तेही ऊन उतरल्यावर. लेडीबर्ड फिरताना दिसले तर फवारू नकोस, ते मावाच खातात.

छोटी: पानांवर पांढरी पावडर आली तर?

मावशी: भुरी. दिसायला वाईट, पण झाड सहसा मरत नाही. खराब पानं काढ, झाडांत हवा खेळू दे. करपा मात्र वाईट. दांडा पिळवटतो, त्यावर तपकिरी चट्टे पडतात. असं झाड उपटून टाकायचं, खताच्या खड्ड्यात नाही घालायचं, बी तर मुळीच धरायचं नाही. तो बियांतूनही येतो.

दादा: हिचा तुरा गुलाबी आहे. याचं बी धरलं तर पुढचं गुलाबीच येणार ना?

मामा: आता मी बोलू का, ताई? 😄 आजचे दाट रंगीत तुरे आले ते जॉर्ज रसेल नावाच्या इंग्रज माळ्यामुळे. हाताने संकर करत बसला नाही, ते काम मधमाश्यांवर सोडलं. दरवर्षी मनासारखी नसतील ती रोपं उपटायचा. वर्षानुवर्षं हेच. १९३७ मध्ये प्रदर्शनात मांडली तेव्हा लोक बघत राहिले.

दादा: म्हणजे?

मावशी: म्हणजे बियांतून रंगाची खात्री नाही, बरेचदा निळंच निघतं. गुलाबीच हवं असेल तर नवी पालवी फुटताना बुडाकडचा कोंब काढून लाव. आणि तुरा कोमेजला की कापा, दुसरा यायची शक्यता असते. बी धरायचं असेल तर पोरांच्या हाताला लागू देऊ नका, विषारी असतं.

वहिनी: लोह मिळालं. मातीत घालू की फवारू?

मावशी: पाकिटावर चिलेटचा प्रकार कोणता लिहिलाय, ईडीडीएचए की ईडीटीए?

वहिनी: ईडीटीए.

मावशी: ते चढ्या सामूच्या मातीत टिकत नाही. पानांवर फवार, पाकिटावरच्या प्रमाणात, संध्याकाळी. आणि मावा आधी काढ.