डेटा क्लाउडवर गेला, त्याचा अर्थ कुठे राहिला?

अनुक्रमणिका (धागाकर्ती)

कामाच्या निमित्ताने गेल्या वर्षभरात क्लाउडमधल्या (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हर आणि साठवणीच्या क्षेत्रातल्या) बऱ्याच जाणकारांशी सविस्तर बोलणं झालं. कुणी आर्किटेक्ट, कुणी मायग्रेशन, म्हणजे डेटा जुन्या जागेवरून क्लाउडवर हलवायचं काम करणारे, एक जण तर वीस वर्षं डेटाबेसच सांभाळतोय. शेवटी सगळ्यांना एकच विचारायचे: "उद्या तुम्ही नसताना हा डेटा कुणी उघडला, तर त्याला तो कळेल का?" तोवर स्केलिंग, बॅकअप आणि बिलावर भरभरून बोलणारी माणसं इथे अडखळायची.

एकाने मात्र मोकळेपणाने किस्सा सांगितला. दोन प्रयोगशाळांच्या नोंदी एका टेबलात आणायच्या होत्या. कॉलमचं नाव 'ग्लुकोज'. एका ओळीत 99, खालच्या ओळीत 5.5. दोन्ही आकडे बरोबर! एक प्रयोगशाळा मिलिग्राम प्रति डेसिलिटर लिहायची, दुसरी मिलिमोल प्रति लिटर. म्हणजे दोन्ही आकडे जवळपास तेवढ्याच साखरेचे. पण एकक कुठेच नोंदलेलं नव्हतं, ते नोंद करणाऱ्यांच्या डोक्यात होतं. मायग्रेशन बिनचूक झालं, चेकसम (मूळ आणि प्रत एकच आहे का ते तपासणारे आकडे) जुळले, एक बाइट हरवला नाही. सरासरी काढली तेव्हा घोळ कळला.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला यांनी 2001 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सिमँटिक वेबची कल्पना मांडली ती याच दुखण्यावर: माहितीसोबत तिचा अर्थही यंत्राला वाचता येईल असा लिहायचा. प्रत्येक गोष्टीला स्वतःचा पत्ता द्यायचा आणि 'हे, याचं, ते' अशा तीन पदांत विधान करायचं. अशी विधानं लिहायची ठरलेली पद्धत, आरडीएफ, 1999 पासून आहे. 2006 साली अॅमेझॉनची एस3 ही क्लाउडवर फाइली साठवायची सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी बर्नर्स-ली यांनी लिंक्ड डेटाचे, म्हणजे वेबवरची माहिती एकमेकांशी जोडण्याचे, चार नियम लिहिले. पैसा आणि माणसं एकाच, क्लाउडच्या बाजूला गेली. मला ही मोठी चूक वाटते. डेटा हलवण्याआधी त्याचा अर्थ लिहून काढणं हा मायग्रेशनचाच भाग धरला पाहिजे, आणि तसं करारातही असलं पाहिजे.

खटपट्या

अजिबात सहमत नाही, आणि हे अनुभवावरून सांगतोय. एका प्रकल्पात आम्ही ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्या नात्यांची काटेकोर व्याख्या, बनवायला बसलो. 'ग्राहक' म्हणजे कोण, हे ठरवण्यात आठ महिने गेले. विक्रीवाल्यांना पैसे भरणारा ग्राहक वाटतो, सेवेवाल्यांना फोन करणारा, कायदा विभागाला सही करणारा. तिघांचंही बरोबर होतं. शेवटी तयार झालेली व्याख्या तिघांपैकी कुणीच वापरली नाही.

क्लाउड पसरला तो कुणी मूर्ख होतं म्हणून नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने 2011 मध्ये क्लाउडची जी व्याख्या केली, तिच्यातलं पहिलंच लक्षण आहे: कुणाला न विचारता, हवं तेव्हा, स्वतःच घ्या. जो कष्ट करतो त्याला फायदा त्याच दिवशी मिळतो. सिमँटिक वेबमध्ये कष्ट मी करायचे आणि फायदा कधीतरी, कुणा अनोळखी माणसाला. हे गणित पाव शतकात जुळलं नाही, पुढेही जुळणार नाही. तुमच्या ग्लुकोजला 'एकक' नावाचा आणखी एक कॉलम पुरे. त्यासाठी आरडीएफ कशाला?

दुर्बीण

खटपट्या, तो कॉलम मी सांभाळलाय, म्हणून राहवत नाही. त्यात एकाने 'एमजी/डीएल' लिहिलं, दुसऱ्याने 'मिग्रॅ%', तिसऱ्याने रिकामंच सोडलं. मग कोणतं म्हणजे कोणतं याचा तक्ता लागला. तो तक्ता म्हणजेच सिमँटिक्स, अर्थाची नोंद, फक्त तुमच्या खासगी बोलीतलं.

वैद्यकीय क्षेत्राने हे केव्हाच सोडवलंय. लॉइंक ही तपासण्यांची संकेतप्रणाली 1994 पासून आहे, आणि त्यात रक्तातलं ग्लुकोज वजनात मोजलं तर एक संकेत, मोलमध्ये मोजलं तर वेगळा. एककं लिहायला यूकम ही ठरलेली पद्धत आहे. कुणी आठ महिने व्याख्येवर भांडायची गरजच नाही, ठरलेला संकेत उचलायचा. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळावर पाठवलेलं यान वाया गेलं ते असल्याच चुकीने: एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. फाइल पोचत होती. आकडे वाचताही येत होते.

पायवाट

मला दोन्ही बाजूंचं एक खटकतं. अर्थ लिहिला की तो मोकळा राहील, असं आपण गृहीत धरतोय. फ्रीबेस आठवतंय? लोकांनी मिळून भरलेला ज्ञानाचा साठा. तो चालवणारी मेटावेब कंपनी गूगलने 2010 मध्ये घेतली, 2012 मध्ये गूगलच्या शोधनिकालांमागचा माहितीसाठा, नॉलेज ग्राफ, आला, आणि 2016 मध्ये फ्रीबेस बंद झालं. माहितीचा बराच भाग पुढे विकिडेटाकडे (विकिपीडियाच्या संस्थेच्या मोकळ्या माहितीसाठ्याकडे) वळवण्याची खटपट झाली, पण लोकांच्या कष्टाचा मोठा फायदा एका कंपनीच्या शोधपेटीला मिळाला.

आणि मोकळं असेल तर मशीनचं भाडं कोण भरणार? विकिडेटा 2012 पासून आहे, दहा कोटींहून जास्त नोंदी आहेत. मी रोज वापरते, पण सार्वजनिक क्वेरी सेवेवर एका प्रश्नाला 60 सेकंदांची मर्यादा आहे. जरा गुंतागुंतीचं काही विचारलं की टाइमआउट. अर्थ सगळ्यांचा असला तरी सर्व्हर कुणाचा तरी असतोच.

अनुक्रमणिका

खटपट्या, कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा, हा तुमचा मुद्दा मला पटला, आणि मी तो मूळ लेखात टाळला ही माझी चूक. पण तो फायदा त्याच दिवशी मिळतो तिथे लोक अर्थ लिहितातच, हेही पाहा. गूगल, बिंग आणि याहू यांनी 2011 मध्ये स्कीमा.ऑर्ग, म्हणजे पानातल्या माहितीचा अर्थ लिहायची सामाईक शब्दावली, आणलं. पानात 'ही पाककृती, ही तिची वेळ, हे रेटिंग' असं लिहिलं की शोधनिकालात ते ठळक दिसायला लागलं, आणि मग कुणाला आग्रह करावा लागला नाही. आज असंख्य पानांत तो मजकूर असतो, बहुतेकदा जेसन-एलडी या आरडीएफच्याच एका रूपात, आणि लिहिणाऱ्याला आपण आरडीएफ लिहितोय याचा पत्ताही नसतो.

पायवाट, तुमच्या काळजीवर माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

गाठोडं

मी क्लाउडमधून बाहेर पडण्याची कामं करतो, म्हणून थोडं त्या बाजूने. बाहेर पडताना डेटा नेण्याचं शुल्क गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी 2024 च्या सुरुवातीला माफ केलं. क्लाउड कंपनी बदलणं सोपं करणारा युरोपचा डेटा कायदाही 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झालाय. तरी लोक अडकतातच. टेबलं सहज निघतात. निघत नाही ते बाकीचं: ही फाइल आली की ते फंक्शन चालवायचं, या भूमिकेला एवढंच दिसू द्यायचं, ही नोंद सात वर्षांनी पुसायची. हे सगळं त्या त्या कंपनीच्या सेटिंगच्या भाषेत लिहिलेलं असतं. धंद्याचे नियम तिथे जाऊन बसलेत आणि ते पुन्हा वाचून काढायला माणूस लागतो. म्हणून अनुक्रमणिकाताईंना माझा पाठिंबा, पण मायग्रेशनच्या वेळी नको. आत जातानाच लिहा. बाहेर येताना फार उशीर झालेला असतो.

नवाकोरा

पण आता चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेल आहेत ना? कॉलमचं नाव आणि शंभर ओळी दिल्या की अर्थ तेच सांगतात. मी करून पाहिलंय, दहापैकी नऊ वेळा बरोबर येतं. आधी सगळं लिहून ठेवायचा आग्रह मला जुन्या काळातला वाटतो.

दुर्बीण

नवाकोरा, 5.5 मॉडेलला द्या. ग्लुकोज असेल तर मिलिमोल. पण कॉलमचं नाव नुसतंच 'शुगर' असेल, तर ते एचबीए1सीचे (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचे) 5.5 टक्केही असू शकतात, आणि तोही अगदी शोभणारा आकडा आहे. मॉडेल एक उत्तर निवडेल आणि ते पटेलही. दहावी वेळ कोणती, हे ओळखणार कसं? त्यासाठी कुठेतरी खरं लिहिलेलं लागतंच.

खटपट्या

एवढं मान्य: एककं आणि ओळखीचे संकेत आधी ठरवा, आणि तेही दुसऱ्यांनी बनवलेले घ्या. 'ग्राहक' म्हणजे कोण, यावर मात्र मी पुन्हा आठ महिने बसणार नाही. ज्या त्या विभागाची व्याख्या त्याच्यापाशी राहू दे, एकाची दुसऱ्याशी जोड लागेल तेव्हा लावू. अनुक्रमणिका, त्या ग्लुकोजच्या टेबलाचं पुढे काय झालं ते सांगितलं नाहीत.

अनुक्रमणिका

त्याने दोन्ही प्रयोगशाळांना फोन केले. एकीने लगेच सांगितलं. दुसरीत मधेच यंत्र बदललं होतं, त्यामुळे आधीच्या नोंदी एका एककात आणि नंतरच्या दुसऱ्या. नेमकी तारीख कोणत्याच फाइलमध्ये नव्हती. तिथल्या एका जुन्या तंत्रज्ञ बाईंनी ती यंत्राच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर पेनाने लिहून ठेवली होती. त्यांनी फोनवर ती वाचून दाखवली, आणि मग त्याने प्रत्येक ओळीला लॉइंकचा संकेत लावला.