हवेत अख्खी वीज गेली तर हातातला रेडिओ कितपत कामाला येतो?

निळीवाट:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचं लायसन्स, झालंय, क्लबचं जुनं सेसना १७२ हे छोटं विमान उडवते, गोल काट्यांच्या पॅनलचं. ट्रेनिंगमध्ये अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, बंद पडल्याची चेकलिस्ट पाठ करून घेतली होती, ती येते, पण त्याच्या पुढचं कोणी नीट बोलतच नाही, म्हणजे अल्टरनेटर गेला, लक्षात यायला उशीर झाला, मग बॅटरीही बसली आणि रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख सांगणारा डबा), इंटरकॉम सगळंच गप्प झालं, आणि मी निघालेय कंट्रोल टॉवर असलेल्या फील्डकडे, म्हणजे विमानतळाकडे, तर मग काय? म्हणून हातातला एअरबँड, म्हणजे विमानांच्या फ्रिक्वेन्सीचा, रेडिओ घेऊन बॅगेत ठेवावा असं वाटतंय. पण क्लबमध्ये दोन तट आहेत, एक म्हणतो त्याच्याशिवाय उडूच नको, दुसरा म्हणतो कॉकपिटमधून कोणाला काही ऐकू जात नाही, पैसे वाया. ६ वॉटचा घेतला तर टॉवरपर्यंत आवाज पोचतो का? व्हीओआरवाला, म्हणजे जमिनीवरच्या केंद्राची दिशा दाखवणारा, घ्यावा का नुसता कॉम, म्हणजे बोलण्यापुरता, पुरे? आणि एका मित्राकडे हौशी रेडिओवाल्यांचा वॉकीटॉकी आहे, तो म्हणतो ह्याच्यावरच १२१.५, ती आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, लाव की, वेगळा कशाला घेतेस. हे खरं आहे का? ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा प्लीज.

मॅग्नेटो:
ताई, मित्राचं आधी निकालात काढू. नाही चालणार. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये होतं आणि ते एएम असतं, हौशी वॉकीटॉकी पाठवतात एफएम. काही सेटवर एअरबँड ऐकू येतो म्हणून लोकांना वाटतं बोलताही येईल, पण ऐकणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. ऐनवेळी समोरच्याला नुसती खरखर किंवा तीही नाही. एअरबँडचाच सेट घ्या, आणि तुमच्या देशात त्याला लायसन्स काय लागतं ते घेण्याआधीच बघून ठेवा.

आता वॉट. डब्यावर मोठ्या अक्षरात ५ नाहीतर ६ लिहिलेलं असतं ते पीईपी, म्हणजे शिखराचा आकडा, कॅरियर, म्हणजे न बोलता नुसतं बटण दाबलं तरी जाणारा मूळ सिग्नल, बघाल तर दीड-पावणेदोन वॉटच्या आसपास असतो. पण वॉटवर अडकू नका. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं, ३००० फुटांवरून रेडिओचं क्षितिज साधारण ६७ नॉटिकल मैल येतं, म्हणजे उंची तुमच्याच बाजूने आहे. घात होतो तो अँटेनात. बोटभर रबरी अँटेना ॲल्युमिनियमच्या केबिनमध्ये धरून बोललं की सिग्नल बाहेर पडतो तो खिडक्यांतूनच, मग टॉवर कुठल्या बाजूला आहे, मध्ये पंख येतोय का इंजिन, ह्याच्यावर सगळं ठरतं, आत्ता ऐकू गेलं आणि वळलात की गेलं. तुमच्या क्लबातले दोन्ही तट आपापल्या अनुभवावरूनच बोलत असणार.

ह्यावर खरा उपाय बाहेरची अँटेना. एकतर पोटाखाली किंवा छतावर वेगळी अँटेना बसवून तिची केबल पॅनलपर्यंत आणायची, नाहीतर कॉम-२ च्या, म्हणजे पॅनलवरच्या दुसऱ्या रेडिओच्या, अँटेना केबलमध्येच एक जॅक टाकून घ्यायचा, त्यात हातातल्या सेटची वायर खुपसली की पॅनलचा रेडिओ सुटतो आणि अँटेना तुमच्या सेटला मिळते. तोच सेट, तेच दीड वॉट, पण रेंज कुठल्या कुठे जाते. काम मात्र एव्हिऑनिक्सच्या अधिकृत माणसाकडूनच, कागदपत्रांसकट. विमान क्लबचं आहे म्हणजे एकटीने ठरवता येणार नाही, पण विषय काढा, कारण त्याचा फायदा ते विमान उडवणाऱ्या प्रत्येकाला आहे. तोवर वायर आणि कनेक्टर तपासून ठेवा, काही सेटना बीएनसी असतो, काहींना छोटा एसएमए, मग मध्ये अडॅप्टर लागतो.

शेपटीचाक:
अँटेनाचं पटलं पण मी म्हणेन त्याहून आधी हेडसेट. हे कोणी सांगत नाही आणि सगळे तिथेच अडकतात. इंजिन चालू असताना सेटचा स्पीकर कानाला लावला तरी काही कळत नाही, आणि त्याच्या माईकवर बोललात तर टॉवरला तुमच्यापेक्षा इंजिन जास्त ऐकू येतं. सेटबरोबर हेडसेटचा अडॅप्टर घ्या म्हणजे घ्याच, तो नसेल तर सेट घेऊन अर्धाच उपयोग. काही सेटना हे जॅक अंगावरच असतात, स्पोर्टीजच्या पीजे-२ ला हेडसेटचे दोन्ही प्लग थेट बसतात, बाकी बहुतेकांना वायर लागते. आणि तुमचा हेडसेट विमानातून पॉवर घेणारा, सहा पिनांच्या गोल प्लगवाला असेल तर तो साध्या दोन प्लगांच्या अडॅप्टरमध्ये जाणारच नाही, त्याला आणखी एक अडॅप्टर लागतो, हे घरी कळलेलं बरं.

योकवरचं (विमान वळवायच्या हँडलवरचं) पीटीटी, म्हणजे दाबून बोलायचं, बटण तेव्हा मेलेलं असतं, म्हणून अडॅप्टरमध्ये वेगळं पीटीटी येतं, ते योकला वेल्क्रोने लावायची सवय करा, नाहीतर एक हात विमानाला, एक सेटला, आणि थ्रॉटलला तिसरा कुठून आणायचा. मेनूमध्ये साईडटोन चालू करून ठेवा, नाहीतर स्वतःचा आवाज कानात येत नाही आणि माणूस ओरडायला लागतो. व्हॉक्स, म्हणजे आवाज झाला की आपोआप ट्रान्समिट होणं, मात्र बंदच ठेवा, इंजिनच्या आवाजानेच सेट ट्रान्समिटला जाईल आणि तुम्ही अख्खी फ्रिक्वेन्सी अडवून बसाल.

आणि तो रेडिओ मागच्या सीटवरच्या बॅगेत नको. बेल्ट न सोडता हात पोचेल अशा जागी, अडॅप्टर लावूनच, कीपॅड लॉक करून. लॉक नसेल तर बॅगेत बटण दाबलं जातं आणि पाहिजे तेव्हा बॅटरी शून्य. उन्हात उभ्या विमानात सोडून जाऊ नका, लिथियम बॅटरीला उष्णता मारते. साध्या डबल-ए सेलवर चालायची सोय असेल तर ती केसही जवळ ठेवा, पण अल्कलाईन सेल आत घालून महिनोन्महिने ठेवू नका, गळतात, वेगळे ठेवा किंवा लिथियमचे डबल-ए घ्या, ते वर्षानुवर्षं टिकतात.

सगळ्यात महत्त्वाचं, वापरत राहा. स्टार्ट करायच्या आधी एटिस, म्हणजे विमानतळाचं हवामान-धावपट्टीचं रेकॉर्डेड बुलेटिन, ह्याच्यावरच ऐका, मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, चालू करायची गरज नाही. बॅटरी कशी आहे ते दर वेळी आपोआप कळतं आणि बोटांना बटणं पाठ होतात. शांत दिवशी इन्स्ट्रक्टर शेजारी असताना टॉवरला आधी सांगून हवेतून रेडिओ चेकही करून घ्या, कुठल्या बाजूने तोंड असलं की आवाज तुटतो ते तुमच्या विमानाचं तुम्हालाच कळलं पाहिजे.

व्होल्ट१४:
माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे लोक वीज गेल्यानंतरच्या गोष्टी बोलतायत. अहो वीज एका झटक्यात क्वचित जाते. बहुतेक वेळा अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट जातो, आणि तिथून बॅटरी हळूहळू उतरत जाते, धडधाकट बॅटरी आणि कमी लोड असेल तर अर्धा तास मिळू शकतो, पण बॅटरी म्हातारी असेल आणि लँडिंग लाईट, पिटो हीट (वेग मोजायच्या नळीवर बर्फ जमू न देणारा हीटर) सगळं चालू असेल तर तेवढा अजिबात नाही. म्हणजे खरा प्रश्न तुम्हाला कळतं कधी हा आहे. १४ व्होल्टच्या सिस्टीममध्ये व्होल्टेज १३ च्या खाली आलं म्हणजे अल्टरनेटर काही देत नाहीये, आणि जुन्या १७२ चा तो छोटा ॲमीटर कोण बघत बसतं? त्यामुळे मी आधी चांगलं व्होल्टमीटर घेईन, लो-व्होल्टेजला डोळ्यात भरेल असा दिवा असलेलं, मग रेडिओ. लवकर कळलं तर चेकलिस्टप्रमाणे ब्रेकर एकदा रीसेट करून बघा, आलं नाही तर अल्टरनेटर बंद, नको ती सगळी उपकरणं बंद, आणि पॅनलच्याच रेडिओवर टॉवरला सांगा की वीज जातेय, येतोय. बॅटरी आहे तोवर ट्रान्सपॉन्डरवर ७६००, म्हणजे रेडिओ बंद असल्याचा कोड, टाकून ठेवायचं, कारण बस, म्हणजे उपकरणांना वीज वाटणारी लाईन, मेली की तेही जाणार आणि रडारवर तुमचा ओळख नसलेला नुसता प्रायमरी ठिपका उरणार, तोही दिसला तर.

आणि ताई, घाबरू नका, तुमच्या १७२ चं इंजिन मॅग्नेटोवर, म्हणजे स्वतःच ठिणगी बनवणाऱ्या यंत्रावर, चालतं, त्याला बॅटरी लागत नाही. हे सगळ्या इंजिनांना लागू नाही बरं का. रोटॅक्स ९१२ आयएससारखी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची इंजिनं आणि फॅडेकवाली, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारी, डिझेल विजेवरच जगतात, २००७ मध्ये जर्मनीतल्या स्पायरला एका डायमंड डीए-४२ ची चाकं वर घेताना व्होल्टेज पडलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली होती. तसं विमान असेल तर तिथे आधी रेडिओचा विचार नाही, आधी उतरायची जागा.

मॅग्नेटो:
व्होल्टमीटरचं शंभर टक्के पटलं, पण एक प्रसंग राहिला. धूर. कॉकपिटमध्ये वायर जळल्याचा वास आला की मास्टर तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करता, चांगली बॅटरी शिल्लक असताना. तिथे आधी कळलं काय आणि नाही काय, पॅनल परत चालू करायचा मोह झाला नाही पाहिजे, आणि तो मोह टाळायला हातातला सेट फार उपयोगी पडतो. मी तर त्याच एका कारणासाठी बाळगतो.

निळीवाट:
बापरे, किती माहिती, खरंच आभार. म्हणजे सेट, अडॅप्टर आणि क्लबला अँटेनाच्या जॅकचं विचारणं. दोन शंका उरल्या. समजा सेटवरून माझा आवाज जातच नाहीये पण मला टॉवर ऐकू येतोय, असं होऊ शकतं का? आणि व्हीओआरचं कोणीच बोललं नाही.

शेपटीचाक:
होऊ शकतं काय, केबिनमधून रबरी अँटेनावर तसंच जास्त होतं, कारण टॉवरचा ट्रान्समीटर तुमच्यापेक्षा कितीतरी दमदार. म्हणून उत्तर आलं नाही तरी बोलत राहा, आधी 'ट्रान्समिटिंग ब्लाइंड' म्हणा, मग कॉलसाईन, जागा, उंची, काय करणार ते. ते ऐकत असतील तर विचारतील, ऐकू येत असेल तर पंख हलवा, तुम्ही पंख हलवायचे, झालं बोलणं. आणि काहीच ऐकू आलं नाही तर लाईट गन, म्हणजे टॉवरवरून तुमच्यावर रोखलेला रंगीत दिवा, आहेच, ते रंग विसरू नका. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरायला परत या, लुकलुकता लाल म्हणजे फील्ड सुरक्षित नाही, उतरू नका. दिवसा पंख हलवून पोच द्यायची. भर उन्हात तो दिवा बारीक दिसतो, टॉवरकडे नीट बघत राहावं लागतं. हे रंग चिकटपट्टीवर लिहून मांडीवरच्या नीबोर्डला लावून टाका.

शिवाय १७२ चे फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली करायचे पट्टे, विजेचे, ते जिथे असतील तिथेच राहतील, फ्लॅपशिवाय लँडिंगचा वेग आणि लागणारी धावपट्टी डोक्यात ठेवा. इंधनाचे काटेही पडतील, म्हणून घड्याळावर हिशोब.

व्होल्ट१४:
व्हीओआरबद्दल, आयकॉम ए-२५एन मध्ये व्हीओआर आणि जीपीएस दोन्ही आहे, याएसू एफटीए-७५०एल मध्ये तर आयएलएस, म्हणजे उतरताना धावपट्टीची रेषा आणि उतार दाखवणारी सोय, सुद्धा दिसतं. पण एकट्याने, विमान सांभाळत, मांडीवरच्या इवल्या स्क्रीनवर सुई धरायची हे दिवसा व्हीएफआरमध्ये, म्हणजे बाहेर बघून उडताना, कशाला? टॅबलेटवर जीपीएस असतो, चार्ज असलेली पॉवर बँक असते, ते पुरतं. आयएफआर, म्हणजे उपकरणांवर विसंबून उडणं, करणार असाल तर वेगळी गोष्ट, तिथेही मी आधी नुसत्या कॉमचा साधा मोठ्या बटणांचा सेट आणि बाहेरची अँटेना घेईन, कारण ढगात असताना कंट्रोलरने दिलेलं हेडिंग ऐकू येणं सगळ्यात मोलाचं. ८.३३ किलोहर्ट्झचं चॅनेल स्पेसिंग, म्हणजे दोन चॅनेलमधलं अंतर, मात्र बघून घ्या, युरोपात त्याशिवाय भागत नाही.

मॅग्नेटो:
आणि वीज गेली की पहिला हात रेडिओकडे जाऊ देऊ नका ताई. आधी विमान सरळ, मग कुठे जायचं ते, आणि हवा मोकळी असेल आणि आसपास टॉवर नसलेलं फील्ड दिसत असेल तर सरळ तिकडे, वर्दळीच्या फील्डवर बिनरेडिओ घुसण्यापेक्षा ते शंभर पटीने सोपं. तिथे पॅटर्नमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या ठराविक घिरटीत, शिरून डोळे उघडे ठेवा, हातातला सेट लावून आपली जागा सांगत राहा, उतरल्यावर टॉवरला फोन करा. केबिनमधूनही तेवढ्या अंतरात तो सेट व्यवस्थित ऐकू जातो.