मदत हवी आहे: जुन्या मिनीचा हँडब्रेक चढावर गाडी धरत नाही

गंजलेलापाना:
गाडी जुनी मिनी. मागे ७ इंची ड्रम (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे डबे), हँडब्रेकच्या दांडीपासून मागे जाणारी एक केबल आणि दोन मागच्या चाकांना जोडणारी दुसरी आडवी. दांडी नऊ-दहा खटके वर येते तरी गाडी चढावर मागे सरकते. पायाचा ब्रेक नीट लागतो. दांडीजवळचे नट आवळून केबल ताणली. खटके कमी झाले, पकड होती तेवढीच. शिवाय आता दांडी पूर्ण खाली असतानाही डावे मागचे चाक घासते, ड्रम तापतो. केबल नवी टाकावी का?

तरफ_आणि_टेकू:
केबल इतक्यात घेऊ नका. आधी ते नट परत सैल करा. केबल जादा ताणली की ड्रममधली तरफ अर्धी ओढलेलीच राहते आणि शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या, आपल्या जागी परतत नाहीत. शू आणि ड्रममधले वाढलेले अंतर केबलने भरून काढायचे नसते, ते काम अ‍ॅडजस्टरचे, म्हणजे शू ड्रमच्या जवळ सरकवणाऱ्या स्क्रूचे. मिनीवर हँडब्रेकच्या तक्रारी बहुतेक इथेच सुरू होतात.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नको) आणि दांडी पूर्ण खाली सोडा. बॅकप्लेटच्या (ड्रममागची स्थिर चकती) मागे वरच्या बाजूला चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर दिसेल. त्याला पाव इंची चौकोनी ब्रेकपानाच लावा, साध्या पान्याने कोपरे झिजतात. चाक जाम होईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग पायाचा ब्रेक दोन-तीनदा जोरात दाबा म्हणजे शू मध्यावर बसतील. चाक पुन्हा फिरू लागले तर आणखी आवळा. शेवटी चाक मोकळे फिरेपर्यंत एकेक खटका मागे घ्या. हलकी घासट ऐकू आली तर चालते.

केबल त्यानंतर. दांडी तिसऱ्या खटक्यावर ठेवून नट असे आवळा की चाक हाताने जोर लावल्यावरच जेमतेम फिरेल. दांडी सोडली की दोन्ही चाके मोकळी व्हायलाच हवीत.

सातइंची:
वरच्यात एक भर. दोष ड्रममध्ये आहे की केबलमध्ये, हे ड्रम न उघडता कळते. बॅकप्लेटजवळची क्लेव्हिस पिन (केबल तरफेला जोडणारी) आणि तिला अडवणारी स्प्लिट पिन काढून केबल सोडवा आणि तरफ पकडीने ओढा. सोडल्यावर ती झटकन परत गेली तर ड्रमच्या आत बहुधा ठीक आहे. जागीच राहिली तर गंज, तुटलेली स्प्रिंग किंवा चुकीची बसलेली तरफ. जोडताना स्प्लिट पिन नवीच घाला.

मग कुणाला तरी दांडी ओढायला सांगून मागचे चाक धरणाऱ्या आर्मवरचे क्वाड्रंट बघा, म्हणजे केबल ज्याच्या खाचेत बसते ते फिरते तुकडे. ते केबलबरोबर वळले पाहिजेत. पिव्होट गंजून जाम झाला की केबल त्यावरून घासत जाते, ओढ चाकापर्यंत कमी पोहोचते आणि सोडल्यावर परतही येत नाही. एकाच चाकाची घासट असेल तर माझा पहिला संशय यांच्यावर.

गंजलेलापाना:
तपासले. दोन्ही तरफा झटकन परततात. डावा क्वाड्रंट अजिबात हलत नाही. उजवा वळतो, पण उजवा अ‍ॅडजस्टर कुठल्याच दिशेला फिरेना.

तरफ_आणि_टेकू:
म्हणजे दोन वेगळे दोष. उजवे शू ड्रमपासून लांब, म्हणून दांडी इतकी वर येते. डावीकडे केबल अडकते, म्हणून तिथे घासट.

उजव्या अ‍ॅडजस्टरला बाहेरून गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवा, मग आधी किंचित आवळायच्या दिशेने, नंतर उलट, असा थोडा थोडा हलवा. जोर लावून चौकोन गोल करून ठेवू नका. तरीही हलला नाही तर ड्रमचे दोन स्क्रू काढून ड्रम उतरवा. आतली धूळ हवेने उडवायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये (शूवरचा घासणारा थर) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. स्प्रिंगांचा फोटो काढून शू उतरवा, अ‍ॅडजस्टरमधले दोन्ही टॅपेट (शूंना ढकलणारे छोटे दांडे) ओढून काढा. त्यांना बाहेर सारणारी पाचर, म्हणजे अ‍ॅडजस्टरचा स्क्रूच, सुटली की आतल्या बाजूनेच पूर्ण फिरवून बाहेर येते. आटे साफ करून ब्रेकसाठीचे उच्च तापमानाचे ग्रीस पातळ लावा, लायनिंगवर एक बोटही लागू देऊ नका.

सातइंची:
ड्रम उघडलाच आहे तर लायनिंग बघा. हबच्या सीलमधले ग्रीस किंवा सिलिंडरमधला ब्रेक ऑइलचा ओलावा दिसला तर गळती आधी थांबवा आणि दोन्ही चाकांचे मिळून चारही शू बदला. भिजलेले लायनिंग धुऊन पुन्हा वापरायचे प्रकार फुकट जातात.

डाव्या क्वाड्रंटसाठी केबल बाजूला करा, पिव्होटमध्ये तेल सोडून तुकडा पुढे-मागे हलवत मोकळा करा, ग्रीस भरा. केबल खाचेत बसवल्यावर खाचेच्या कडा टोकांना पकडीने किंचित आत दाबा, नाहीतर चाक खाली लोंबले की केबल निसटते. इतक्या जोरात दाबू नका की केबलच चिमटली जाईल. केबलच्या तारा तुटलेल्या किंवा घासून बारीक झालेल्या दिसल्या तरच नवी घ्या.

गंजलेलापाना:
पाचर निघाली, आटे शाबूत आहेत. शू मात्र ग्रीसने भिजलेत, तेव्हा सील आणि चारही शू नवे घालतो. नव्या शूवर हँडब्रेक लगेच पूर्ण पकडेल का?

तरफ_आणि_टेकू:
लगेच नाही. नवे लायनिंग सुरुवातीला ड्रमला सगळीकडे टेकत नाही. रिकाम्या रस्त्यावर पायाच्या ब्रेकने हलके हलके थांबत ते बसू द्या, मध्ये ड्रम थंड होऊ द्या. मग अ‍ॅडजस्टर पुन्हा लावा आणि तिसऱ्या खटक्याची तपासणी परत करा. तोवर चढावर लावताना गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ओट द्या.